कॉलेज की एएचएल? तरुण बचावपटूची वाट

टोरांटोहून भाच्याचा फोन: "मामा, आइस हॉकीतला बचावपटू कॉलेजात घडतो की एएचएलमध्ये?" एएचएल म्हणजे एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगच्या एक पायरी खालची व्यावसायिक लीग. मला दोन नावं आठवली. केल मकार 2017 च्या ड्राफ्टमध्ये (एनएचएल संघ तरुण खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) चौथा, तरी दोन वर्षं मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात थांबला. मोरित्झ सायडर 2019 मध्ये सहावा, आणि अठराव्या वर्षीच एएचएलच्या ग्रँड रॅपिड्स संघात.

सामने: एएचएलचा हंगाम 72 सामन्यांचा, कॉलेजचा जेमतेम निम्मा. पण कॉलेजचे सामने बहुतेक शुक्रवार-शनिवारी, म्हणजे मधले दिवस व्यायामाला आणि सरावाला मोकळे.

प्रतिस्पर्धी: खरा फरक इथे. एएचएलमध्ये गोलमागच्या कोपऱ्यात पक (खेळाची रबरी चकती) उचलायला गेलं की पाठीवर तिशीतला कसलेला गडी आदळतो. पक हाती येण्याआधी खांद्यावरून मागे बघायची सवय एएचएलमध्ये फार लवकर लागते. आक्रमणाचं धाडस मात्र कॉलेजात फुलतं. मकारने 2018-19 मध्ये 41 सामन्यांत 49 गुण (गोल आणि गोलसाठीचे पास मिळून) केले.

पैसा: एएचएलमध्ये पगार, कॉलेजात शिष्यवृत्ती.

पुढे दोघांनीही एनएचएलच्या सर्वोत्तम नवोदिताची काल्डर ट्रॉफी जिंकली. अंग भरायचं असेल, पकवर खेळ रचायचा असेल तर कॉलेज. शरीर तयार असेल आणि बचाव पक्का करायचा असेल तर एएचएल.