सिग्नल अडवणारे पाऊच : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

आम्ही बर्मिंगहॅमजवळच्या सोलिहलमध्ये राहतो. घरासमोर, बैठकीच्या खिडकीपासून जेमतेम चार मीटरवर, बटण दाबून सुरू होणारी आमची गाडी उभी असते. याच सोलिहलमधल्या एका घरासमोरून दोन चोरांनी मर्सिडीझ कशी पळवली याचे सीसीटीव्ही चित्रण वेस्ट मिडलंड्स पोलिसांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये प्रसिद्ध केले होते. एक जण हातात चपटी पेटी धरून घराच्या भिंतीशी उभा राहतो, दुसरा गाडीजवळ थांबतो आणि मिनिटभराच्या आत गाडी निघून जाते. काच फुटत नाही की अलार्म वाजत नाही. ते चित्रण मी त्याच वेळी पाहिले होते, तरी गाडीच्या चावीचा सिग्नल अडवणारा पाऊच, म्हणजे आतून धातूचे अस्तर असलेली छोटी पिशवी, विकत घेतला तो गेल्या ऑक्टोबरमध्ये, आमच्याच गल्लीतली एक गाडी एका रात्रीत नाहीशी झाल्यावर. त्यानंतरच्या नऊ महिन्यांत चावीचे चार पाऊच, फोनचा एक पाऊच आणि दोन डबे वापरून झाले. त्यातून जे कळले ते खरेदीपूर्वी कोणी सांगितले असते तर फार बरे झाले असते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पाऊच नेमके काय अडवतो हे समजल्याशिवाय तो चांगला की वाईट हे ठरवता येत नाही. अशा गाडीच्या दाराला हात लावला की गाडी सुमारे १२५ किलोहर्ट्झ वारंवारतेच्या रेडिओ सिग्नलने एक क्षीण हाक देते. ती एक-दीड मीटरपलीकडे पोहोचू नये अशीच योजना असते. खिशातल्या चावीला ही हाक ऐकू आली की ती ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास उत्तर देते, आणि हे उत्तर बरेच लांबवर जाते. चोरांची पेटी एवढेच करते की गाडीची हाक उचलून भिंतीपलीकडच्या चावीपर्यंत नेते. चावीचे सांकेतिक उत्तर फोडण्याची त्यांना गरजच नसते, कारण ते उत्तर खऱ्या चावीनेच दिलेले असते. झुरिचच्या ईटीएच विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये आठ उत्पादकांच्या दहा मॉडेलांवर हा प्रयोग केला, तेव्हा दहाही गाड्या फसल्या होत्या. धातूच्या बंदिस्त आवरणात बाहेरचे विद्युतक्षेत्र शिरत नाही हे मायकल फॅरेडे यांनी १८३६ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये स्वतः बारा फुटी पिंजऱ्यात बसून दाखवून दिले होते. पाऊच म्हणजे त्याच पिंजऱ्याचे कापडी रूप होय.

मी घेतलेली पहिली जोडी नऊ पौंडांची होती. बाहेरून काळे रेक्झिन, आतून तांबे आणि निकेलचा मुलामा दिलेल्या पॉलिस्टरचे राखाडी चकचकीत अस्तर, आणि वर दुमडून वेल्क्रोने बंद करायची झडप. या पाऊचला दोन कप्पे असतात आणि त्यांपैकी फक्त आतल्या कप्प्याला अस्तर असते. बाहेरचा कप्पा साधा असतो. ही गोष्ट खोक्यावर इतक्या बारीक अक्षरांत छापली होती की पत्नीने पहिले चार दिवस चावी बाहेरच्याच कप्प्यात ठेवली. सुट्या चावीचे तर त्याहून वाईट झाले. रोजची चावी पाऊचमध्ये गेली, पण स्वयंपाकघरातल्या खणात पडलेली दुसरी चावी डिसेंबरपर्यंत कोणाच्या ध्यानातच आली नाही. तो खण घराच्या बाहेरच्या भिंतीला लागून आहे. म्हणजे जवळजवळ दोन महिने आम्ही पुढचे दार लावून मागचे उघडे ठेवले होते.

रोजच्या वापराची सवय लागायला तीनेक आठवडे लागले. थंडीत हातमोजे घालून वेल्क्रो उघडणे कटकटीचे असते, आणि गाडीत बसल्यावर चावी पाऊचमध्येच राहिली तर पडद्यावर ‘चावी सापडत नाही’ असा संदेश येतो. एकदा मी सवयीने, इंजिन चालू असतानाच, चावी पुन्हा पाऊचमध्ये घातली. गाडीने आवाज करून सूचना दिली, पण रेडिओ चालू असल्याने ती ऐकू आली नाही, आणि पेट्रोल भरून झाल्यावर गाडी सुरू होईना. मागे रांग लागलेली असताना कारण लक्षात यायला दोन मिनिटे गेली. चावीची बॅटरी मात्र या काळात बदलावी लागली नाही. चावी फक्त हाक ऐकू आल्यावरच बोलते, त्यामुळे पाऊचमध्ये ती शांत पडून राहते.

आता मुख्य मुद्दा. मार्चच्या एका शनिवारी बाजाराच्या पिशव्या दोन्ही हातांत आणि चावीचा बंद पाऊच कोटाच्या खिशात असताना, मी कोपराने दाराच्या हँडलला स्पर्श केला आणि गाडी उघडली. मी जागीच थांबलो. पाऊच बाहेरून नवा दिसत होता, झडप घट्ट बंद होती, शिवण कुठेही उसवलेली नव्हती. घरी येऊन दिव्याखाली अस्तर उलटे करून पाहिले तेव्हा झडपेच्या घडीवर, जिथे कापड दिवसातून चार-सहा वेळा दुमडले जाते, तिथे मुलामा उडून एक फिकट रेघ उमटलेली दिसली. पाच महिन्यांत त्या एका रेघेने सगळा पाऊच निकामी केला होता. मला सर्वांत जास्त अस्वस्थ केले ते या विचाराने की तो कोणत्या रात्री निकामी झाला हे कळण्याचा कोणताच मार्ग नव्हता. आम्ही निर्धास्त झोपलो होतो, चावी दाराजवळच्या टेबलावर होती, आणि संरक्षण नव्हतेच. पाऊच नसता तर निदान चावी माडीवर तरी नेली असती.

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी प्रत्येक पाऊच तपासतो, आणि तपासण्याची पद्धतही हळूहळू सुधारली. सुरुवातीला फक्त चावीसह बंद पाऊच हातात धरून दाराच्या हँडलला स्पर्श करत असे. गाडी उघडली नाही की पाऊच चांगला. ही चाचणी अपुरी आहे. गाडी उघडली नाही याचा अर्थ इतकाच होतो की गाडीची नेहमीची क्षीण हाक आत पोहोचली नाही. चोराची पेटी तीच हाक मोठ्या आवाजात देऊ शकते. शिवाय १२५ किलोहर्ट्झसारख्या कमी वारंवारतेचे चुंबकीय क्षेत्र पातळ मुलाम्याने पुरते अडत नाही. त्या वारंवारतेला तांब्यात शिरण्याची खोली मिलिमीटरच्या सुमारे पाचव्या भागाइतकी असते, आणि कापडावरचा मुलामा त्याच्या मानाने फारच पातळ असतो. ४३३ मेगाहर्ट्झचे उत्तर मात्र पातळ मुलाम्यानेही चांगले अडते, आणि दोन्हींपैकी एक दुवा पुरता तुटला तरी चोरी फसते. म्हणून खरी भिस्त चावीच्या उत्तरावर आहे, आणि ते तपासायचे तर चावी पाऊचमध्ये ठेवून, पाऊच दाराला टेकवून, कापडावरूनच चावीचे उघडण्याचे बटण दाबायचे. मी हे चारही बाजू फिरवून, प्रत्येक वेळी पाऊच थोडा वाकवून करतो. दोन्ही चाचण्यांत गाडी गप्प राहिली तरच तो पाऊच माझ्या घरात राहतो. पहिल्या जोडीतला दुसरा पाऊच, सुट्या चावीचा, हँडलच्या चाचणीत उत्तीर्ण झाला आणि बटणाच्या चाचणीत पहिल्याच झटक्यात नापास झाला. तो फारसा वापरलेलाही नव्हता.

दुसरी जोडी चौदा पौंडांची घेतली. तिच्यात अस्तराचे दोन पदर आहेत आणि झडप दोनदा दुमडावी लागते. ती गेल्या रविवारपर्यंत दोन्ही चाचण्यांत टिकून होती, परंतु तिला चारच महिने झाले आहेत आणि घडीवर हलकी चमक गेलेली मला आताच दिसते आहे. रोज वापरायचा पाऊच ही वर्षानुवर्षे टिकणारी वस्तू नाही, हे विक्रेत्यांनी खोक्यावर ठळक छापायला हवे. ते छापत नाहीत याचा मला मनापासून राग आहे, कारण ही सुरक्षेची वस्तू आहे आणि ती निकामी होताना कोणतीही खूण दाखवत नाही.

डब्याचा अनुभव थोडक्यात सांगतो. आधी बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा वापरून पाहिला. पाच प्रयत्नांपैकी दोनदा गाडी उघडली. झाकण आणि डबा यांच्यामध्ये रंगाचा थर असल्याने धातूला धातू नीट टेकत नाही आणि त्या फटीतून सिग्नल निसटतो, असे मला वाटते. त्यानंतर आतून अस्तर लावलेला लाकडी डबा घेतला. तो दाराजवळच्या टेबलावर शोभतो आणि त्यात घडी पडून झिजणारे काही नाही, म्हणून रात्रीसाठी मला तो पाऊचपेक्षा अधिक पटतो. अट एकच : जुडग्यात घराच्या चाव्या, सायकलची चावी आणि मुलीने केलेली लोकरीची बाहुली असे सगळे असेल तर झाकण अर्धा सेंटिमीटर उघडे राहते आणि डब्याचा उपयोग शून्य होतो. आम्ही गाडीची चावी जुडग्यातून वेगळी केली.

फोनच्या पाऊचबद्दल माझे मत पूर्ण वेगळे आहे. तो मी रात्री फोनपासून सुटका मिळावी आणि स्थानाची माहिती सतत बाहेर जाऊ नये, या दोन हेतूंनी घेतला होता. पहिल्याच आठवड्यात लक्षात आले की पाऊचमधला फोन शांत बसत नाही. नेटवर्क तुटले की तो ते शोधण्यासाठी अधिक शक्ती खर्च करतो. एरवी रात्रभरात पाच-सहा टक्के उतरणारी बॅटरी पाऊचमध्ये वीस टक्क्यांहून अधिक उतरू लागली. म्हणजे आधी विमान मोड लावायचा आणि मग पाऊचमध्ये ठेवायचे, आणि विमान मोड लावलाच असेल तर माझ्यासारख्या सामान्य माणसाला पाऊचची गरज फारशी उरत नाही. झडप एकदाच दुमडली तर घरातल्या जोरदार वाय-फायवरून फोन आतूनही वाजत असे. दोनदा दुमडली की बंद. शिवाय पाऊच फक्त लहरी अडवतो. फोनमधले एखादे ॲप ध्वनिमुद्रण करत असेल तर ते आतही चालूच राहते, आणि बाहेर काढल्यावर साठलेले सगळे पाठवून मोकळे होते. पोलीस जप्त केलेले फोन अशा पिशवीत ठेवतात त्यामागचे कारण ठोस आहे : दूरवरून कोणी त्यातली माहिती पुसू नये. माझ्या गरजेत तसे काही नव्हते.

फोनचा पाऊच मी कायमचा बाजूला ठेवला तो जानेवारीतल्या एका रात्रीनंतर. साताऱ्यात बाबांना पहाटे छातीत दुखू लागले. भाऊ त्यांना रुग्णालयात घेऊन गेला आणि तिथल्या सकाळी साडेआठला, म्हणजे आमच्या रात्री तीनला, त्याने मला सलग सहा वेळा फोन लावला. माझा फोन पाऊचमध्ये होता. शेवटी त्याने पत्नीच्या फोनवर संपर्क साधला. बाबा आता बरे आहेत, पण आईवडील दुसऱ्या देशात आणि साडेपाच तास पुढे असलेल्या माणसाने रात्री फोन असा बंद करू नये, असे मला तेव्हापासून ठाम वाटते.

चावीच्या पाऊचने गाडी सुरक्षित झाली असेही कोणी मानू नये. तो चोरीची एकच वाट बंद करतो. २०२३ मध्ये सविस्तर उघडकीस आलेल्या एका पद्धतीत चोर पुढच्या दिव्यामागच्या तारांना आपले यंत्र जोडतात आणि गाडीच्या अंतर्गत जाळ्यात ‘चावी योग्य आहे’ असा खोटा संदेश घुसवतात. तिथे चावी कुठे आहे याला काहीच महत्त्व नसते. म्हणून मी स्टिअरिंगला लावायचे जाड लोखंडी कुलूपही घेतले आहे आणि रोज रात्री लावतो. नव्या गाड्यांच्या बाबतीत आधी पुस्तिका वाचावी. काही चाव्या थोडा वेळ हलल्या नाहीत की आपोआप झोपतात. फोर्डने ब्रिटनमध्ये फिएस्टा आणि फोकससाठी अशा चाव्या २०१९ मध्ये आणल्या. टोयोटाच्या अनेक चाव्या बंद करण्याचे बटण धरून उघडण्याचे बटण दोनदा दाबले की झोपवता येतात. अल्ट्रावाइडबँड (अतिरुंद पट्ट्यातील रेडिओ लहरी वापरणाऱ्या) चाव्या तर सिग्नलला लागलेल्या वेळावरून अंतर मोजतात, त्यामुळे हाक लांबवण्याची युक्ती तिथे सहजासहजी चालत नाही. अशी सोय असेल तर पाऊचवर पैसे घालवण्याआधी ती वापरावी.

पुण्यातल्या धाकट्या भावाने नुकतीच बटणाची गाडी घेतली आणि त्यालाही पाऊच पाठवू का, असे मी विचारले होते. त्याचे घर सातव्या मजल्यावर आणि गाडी तळघरात. तिथे चोराच्या पेटीला घरातल्या चावीजवळ पोहोचणेच अवघड आहे, त्यामुळे रात्री त्याला पाऊचची निकड नाही. मात्र हॉटेलात जेवताना तो चावी टेबलावर ठेवतो आणि गाडी खिडकीबाहेर उभी असते. तेवढ्यासाठी दोन पदरी अस्तराचा एक पाऊच त्याला मे महिन्यात पाठवला, आणि सोबत बटणाच्या चाचणीची पद्धत लिहून दिली. गेल्या रविवारी आम्ही दोघांनी व्हिडिओ कॉलवर आपापले पाऊच एकाच वेळी तपासले. त्याचा उत्तम चालला. माझ्या रोजच्या पाऊचला झडपेच्या डाव्या कोपऱ्यात बटण दाबल्यावर दहांपैकी एकदा गाडीने दिवे लुकलुकवले, म्हणून तो काढून टाकला आहे आणि नवा येईपर्यंत चावी रात्रंदिवस लाकडी डब्यात आहे.