अण्णांची येझदी आणि मंगळवार पेठेतला सोपा

जुन्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रींची ही जागा. दुकान म्हणावं तर हे दुकान नाही. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका बोळात जुनं कौलारू घर आहे. पुढच्या सोप्यात, म्हणजे ओसरीत, एक लहान लेथ (धातू कातायचं यंत्र), ड्रिल मशीन, भिंतीला अडकवलेले पाने आणि दारात कायम दोन-तीन उघडलेल्या गाड्या. बोर्ड नाही. मिस्त्री वीस-बावीस वर्षं उद्यमनगरात, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, टर्नर (लेथवरचे कारागीर) होते, आता घरीच काम करतात. "नाव लिहू नका, आहे तेच काम उरकंना झालंय," असं ते म्हणाले, म्हणून नाव लिहीत नाही. कामाबद्दल मात्र लिहायचंच आहे.

गाडी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. १९८४ ची येझदी रोडकिंग मोटरसायकल. नदीकाठच्या आमच्या चिखली गावातून पहाटे निघायचं, मागं दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या, आणि गंगावेशीपर्यंत रतीब घालत यायचं. येझदी बनवणारा म्हैसूरचा कारखाना १९९६ ला बंद पडला, तरी अण्णा तिच्यावर आणखी वीस वर्षं फिरले. ते गेल्यावर मी तिला रविवारी तेवढी बाहेर काढायचो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गावात पाणी आलं तेव्हा आधी म्हशी हलवल्या, मग माणसं. गाडी गोठ्यात राहिली आणि हँडलच्या वर पाणी गेलं. पाणी उतरल्यावर मी पाइप मारून धुतली आणि किक मारून बघितली. तीच चूक झाली, हे मला तीन वर्षांनी या सोप्यात बसून कळलं.

मधल्या काळात शहरातल्या एका गॅरेजवाल्यानं ती आठ महिने ठेवून घेतली आणि पोत्यात भरून परत दिली. कार्बोरेटर आमचा नव्हताच. दुसऱ्यानं सरळ भंगाराचा भाव सांगितला. २०२१ च्या पुरात ते पोतं माळ्यावर होतं म्हणून वाचलं. मग डेअरीवरच्या एका मित्रानं या मिस्त्रींकडं पाठवलं.

पहिल्या दिवशी त्यांनी दर सांगितला नाही. पोतं रिकामं केलं, एकेक भाग जुन्या साडीवर मांडला आणि वहीत लिहून घेतला. काय आहे, काय नाही, काय आपलं नाही. खाली माझी सही घेतली. आधीचा अनुभव घेऊन आलेल्या माणसाला त्या सहीनं किती बरं वाटतं ते सांगता येत नाही. मग क्रँककेस, म्हणजे इंजिनाचा खालचा डबा, उघडून मला आत बोट फिरवायला लावलं. बोटाला पिवळट बारीक गाळ लागला. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि हवा आधी क्रँककेसमध्ये येते आणि तिथनं वर सिलिंडरला जाते. तिथं गाळ बसलेला असताना किक मारली की तो बेअरिंगमध्ये दळला जातो आणि पिस्टनच्या कडेनं वर चढतो. "पाणी आलं म्हणून इंजिन मरत न्हाई, पाव्हणं. गाळ आत असताना फिरवलं की मरतंय," मिस्त्री म्हणाले. नदीकाठच्या प्रत्येक माणसानं हे ध्यानात ठेवावं. पुरात बुडालेल्या गाडीला किक नको, बटणही दाबू नका, ढकलत न्या.

क्रँकचं, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याचं, काम मी समोर बसून बघितलं. प्रेसवर दोन्ही पाती वेगळी केली, नवा कनेक्टिंग रॉड आणि बेअरिंग घातलं, परत दाबली. मग क्रँक लेथच्या दोन सेंटरांमध्ये धरून डायल गेज लावला, म्हणजे तो किती वाकडा फिरतो ते काट्यावर दिसतं. सुरुवातीला काटा पंधरा-सोळा घरं हलत होता, एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. तांब्याच्या हातोडीनं एक टोला, परत फिरवायचं, परत बघायचं. असं जवळजवळ दोन तास चाललं होतं. काटा दोन-तीन घरांच्या आत आल्यावर त्यांनी मला बोलावून दाखवलं आणि तो आकडा वहीत लिहिला. इतक्या वर्षांत आमच्या गाडीचं माप कुणी मला दाखवलं नव्हतं.

जे घरी होत नाही ते घरी करायचा हट्ट ते धरत नाहीत. सिलिंडरचं बोअरिंग, म्हणजे आतून कातणं, उद्यमनगरात करून आणलं, पिस्टन ०.५० ओव्हरसाइजचा, म्हणजे मूळ मापाहून अर्धा मिलिमीटर मोठा, बसला. केसिंगचा तुटलेला कान तिथंच अर्गन वेल्डिंगनं जोडून घेतला. गिअर शाफ्टचा झिजलेला बुश (दांडा ज्यात फिरतो ती कडी) मात्र त्यांनी गनमेटल या तांब्याच्या मिश्रधातूतून स्वतः नवा काढला. कोल्हापुरात ओतकाम, लेथ, बोअरिंग सगळं हाकेच्या अंतरावर आहे, म्हणूनच बंद पडलेल्या कंपनीची गाडी इथं जगते असं मला मनापासून वाटतं.

टाकी आतून गंजून लाल झाली होती. पाण्यात धुण्याचा सोडा कालवून टाकीत भरला, मधोमध लोखंडी सळई टाकीला न टेकता लोंबती ठेवली, बॅटरी चार्जरचं पॉझिटिव्ह सळईला आणि निगेटिव्ह टाकीला. हे परसात, उघड्यावर, कारण त्यातनं हायड्रोजन सुटतो. दोन दिवसांनी गंज सळईकडं आणि चिखलासारखा तळाला आला होता. पेट्रोलची नळी आणि रबरी सील सगळे नवे घातले. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. आपल्या उसापासूनही बनतं हे चांगलं आहे, पण जुन्या गाड्यांचं रबर त्यानं फुगतं आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं. पंधरा दिवस गाडी उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा करा, हे त्यांनी दोनदा बजावलं.

येझदी चालवलेल्यांना माहीत असेल, हिचा किकचा दांडाच गिअरचा दांडा होतो, आणि गिअर टाकताना क्लच आतून आपोआप सुटतो. क्लचची वायर तुटली तरी गाडी घरी येते. पहिल्या गॅरेजवाल्यानं ती सेटिंग समजून न घेता स्क्रू आवळून टाकला होता. मिस्त्रींनी ती बसवली आणि वायर काढून ठेवून मला बोळातनं चक्कर मारायला लावली. गिअर पडला. अण्णा असेच एकदा किटल्यांसकट शिवाजी पुलावरनं घरी आले होते.

एकूण ३४,६०० रुपये झाले. सुटे भाग १९,८००, बाहेरचं बोअरिंग आणि वेल्डिंग २,३००, मजुरी १२,५००. बदललेले सगळे जुने भाग डब्यात घालून परत दिले. मला हा दर रास्त वाटला.

आता उणं काय ते. दोन महिने सांगून पाच लावले. फोन उचलत नाहीत, संध्याकाळी समक्ष जावं लागतं. मार्च-एप्रिलमध्ये तर गाड्या बाजूला राहतात, कारण पेठेतल्या बायका शेवयाची यंत्रं घेऊन येतात आणि मिस्त्री त्यांना नाही म्हणत नाहीत. कुणाच्या यंत्राचा दांडा, कुणाच्या कडबाकुट्टीचा गिअर, कुणाच्या शिलाई मशीनचं चाक. मला उशिराचा राग आला होता, आणि तो खरा होता. रतीब घालायला गाडी रोज लागते त्यानं इथं आपली एकुलती गाडी टाकू नये. वायरिंग हा त्यांचा विषय नाही, तेही ते सांगतात. पहिल्याच जोराच्या पावसात आमचा हॉर्न गेला. क्रोम तर ते करतच नाहीत.

गाडी नव्यानं बांधून घ्यायची असेल तर आधी ऐकून घ्यायची तयारी ठेवा. माझ्यासमोर एक पोरगा बुलेट घेऊन आला होता. मागची फ्रेम कापून छोटी करायची, वर मोठ्या आवाजाचा सायलेन्सर. मिस्त्री म्हणाले, "कापायचं काय, कधीबी कापता येतंय. जोडलेली फ्रेम घाटात कुठं तुटंल त्याची गॅरंटी मी द्यायचो न्हाई." कायदाही त्यांना नीट माहीत आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी फेरफार चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं. शेवटी त्या पोराला त्यांनी बोल्टवर बसणारी एकेरी सीट, सरळ हँडल आणि हातानं ठोकून केलेलं मडगार्ड करून दिलं, फ्रेमला हात न लावता. गाडी देखणी झाली. आणि पहाटे दवाखान्याच्या दारावरनं दूध घेऊन जाणारा माणूस म्हणून सांगतो, सायलेन्सरला त्यांनी दिलेला नकार मला फार आवडला.

माझ्या रोजच्या गाडीलाही त्यांनी किटल्यांचा कॅरिअर करून दिला. बाजारातल्या कॅरिअरचा भार मागच्या चाकाच्याही मागं पडतो आणि चढाला पुढचं चाक हलकं होतं. यांनी दोन्ही कड्या चार बोटं पुढं आणि खाली घेतल्या. किटल्या भरून गंगावेशीच्या गर्दीत वळवली तरी हँडल धरून राहतं. हे काम सांगितल्या दिवशी मिळालं, १,८०० रुपयांत.

जाताना गाडीचं आरसी बुक न्या, ते बघितल्याशिवाय हात लावत नाहीत. जुना भाग कितीही मोडका असला तरी टाकू नका, त्यावरूनच ते नवा काढतात. येझदीचे आता सातशे किलोमीटर झालेत. नवा पिस्टन रुळेपर्यंत पेट्रोलच्या लिटरला ४० मिली ऑइल घालतोय आणि वेग पन्नासच्या वर नेत नाही. हॉर्नसाठी वायरिंगवाला त्यांनीच सांगितलाय. येत्या रविवारी जाणार आहे.