प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर: दोन माणसांच्या संगणक विभागाला झेपणारं काम

निकाल, पुनर्मूल्यांकन, पदवी प्रमाणपत्रं, ग्रंथालयाचं कोहा, लेखा विभागाचं टॅली, मूडल. सोलापुरातल्या विद्यापीठाचा किंवा एखाद्या मोठ्या कॉलेजचा हा पसारा आठ-दहा व्हर्च्युअल मशीनमध्ये (सर्व्हरवर चालणाऱ्या आभासी संगणकांत) मावतो. तो सांभाळायला असली तर दोन माणसं, आणि त्यातलं एक परीक्षेच्या हंगामात निकालाच्या खोलीतून बाहेरच येत नाही. अशा ठिकाणी बॅकअपचं सॉफ्टवेअर निवडताना एकच गोष्ट बघायची: महिनाभर कुणी ढुंकून पाहिलं नाही, तरी गेलेला डेटा परत मिळेल का? त्या कसोटीवर प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर चांगल्या गुणांनी पास होतो. मात्र दोन-तीन गोष्टी सुरुवातीलाच नीट बसवाव्या लागतात.

व्हिएन्नाच्या प्रॉक्समॉक्स कंपनीचं हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर २०२० च्या नोव्हेंबरात पहिल्यांदा पक्क्या रूपात आलं. वापर फुकट, पैसे फक्त सपोर्टचे, तेही सर्व्हरमागे वर्षाला आणि युरोत. सपोर्ट घेतला नसेल तर इन्स्टॉल झाल्यावर अपडेट मारताच एरर येते, कारण मुळात सशुल्क रिपॉझिटरी (अपडेटचं भांडार) लावलेली असते. ती बंद करून ‘नो सबस्क्रिप्शन’वाली लावायची, दोन मिनिटांचं काम. लॉगिनला येणारी सबस्क्रिप्शनची सूचना मात्र रोज भेटणार. फुकट सॉफ्टवेअरची खरेदी टिपणी कशी लिहायची, हा प्रश्न लेखा विभागाने सोडवायचा.

आधी अट ऐका: तुमची व्हर्च्युअल मशीनं प्रॉक्समॉक्स व्हीईवरच, म्हणजे ती चालवणाऱ्या याच कंपनीच्या सॉफ्टवेअरवर, चालत असतील तर याची खरी मजा. हायपर-व्ही किंवा व्हीएमवेअर या दुसऱ्या कंपन्यांच्या तशाच सॉफ्टवेअरवर असाल तर याच्या वाटेला जाऊ नका. तिथे वीम या दुसऱ्या बॅकअप सॉफ्टवेअरची कम्युनिटी आवृत्ती दहा मशीनपर्यंत फुकट आहे. विंडोजच्या सुट्या संगणकांसाठी याचा अधिकृत क्लायंटच नाही, ही त्याची सगळ्यात मोठी उणीव. लेखा विभागाच्या टेबलावरच्या पीसीतलं टॅली त्यामुळे उघड्यावर राहतं. उपाय सोपा आहे: टॅलीचा डेटा फोल्डर त्या पीसीवरून काढून सर्व्हरवरच्या विंडोज मशीनमध्ये हलवा. रोजच्या फेरीत तो आपोआप येतो.

हार्डवेअरमध्ये कंजुषी कुठे चालते आणि कुठे नाही, हे आधी ठरवा. बॅकअपच्या सर्व्हरला ८ टीबीच्या चार डिस्क, दोन-दोनच्या मिरर जोड्या (एकीवरचं सगळं दुसरीवरही), झेडएफएस या फाइल सिस्टमवर. हातात १६ टीबी येतात, पडद्यावर साधारण १४.५ दिसतात, आणि ८० टक्क्यांपुढे भरायचं नाही असं धरून चाला. मेमरीचा कंपनीचा हिशेब म्हणजे किमान ४ जीबी आणि वर प्रत्येक टीबीमागे १ जीबी, म्हणून ३२ जीबी घ्या. डिस्क एसएमआर जातीची (ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणारी) नको. दुकानदार ‘त्यात काय फरक पडतो’ म्हणेल, पण पूल (सगळ्या डिस्कचा मिळून झालेला साठा) दुरुस्त करायची वेळ आली की ती डिस्क दिवसेंदिवस रडते. हे सॉफ्टवेअर डेटा ४ एमबीच्या आसपासच्या लाखो तुकड्यांत साठवतं, एकसारखे तुकडे एकदाच ठेवतं, त्यामुळे डिस्कच्या सुईला सतत इकडेतिकडे पळावं लागतं. म्हणून मेटाडेटासाठी (कुठलं काय कुठे ठेवलंय या नोंदींसाठी) दोन छोट्या एसएसडी ‘स्पेशल डिव्हाइस’ म्हणून लावा. दोनच लावा, मिरर करून. तिथली एकुलती एसएसडी मेली तर सगळा पूल गेला.

वेगाबद्दल तक्रार नाही, पण एक खोड समजून घ्या. मशीन चालू असताना कुठला भाग बदलला याची नोंद ठेवली जाते, म्हणून रोजचा बॅकअप काही मिनिटांत उरकतो. मशीन पूर्ण बंद पडलं की ही नोंद पुसली जाते. म्हणजे दुपारी वीज गेली, यूपीएस संपला, सर्व्हर बसला, की त्या रात्री प्रत्येक डिस्क पहिल्यापासून वाचली जाते. पाठवले जातात फक्त बदललेले तुकडे, पण वाचनाला तास लागतात आणि सकाळी दहाला निकालाचं पोर्टल उघडायला आलेली मंडळी बॅकअप अजून चालूच असल्याचं बघतात. सॉफ्टवेअर बिघडलेलं नसतं. यूपीएसला यूएसबी वायरने जोडून बॅटरी संपायच्या आत मशीनं रीतसर बंद होतील अशी सोय करा. नोंद त्यानेही टिकत नाही, पण डेटाबेस बिघडण्यापासून वाचतो.

दुसरी खोड जास्त त्रासदायक. बॅकअप चालू असताना मशीनला एखादा न उचललेला भाग बदलायचा असेल, तर आधी जुना भाग बॅकअप सर्व्हरकडे जातो, मग नवा लिहिला जातो. बॅकअप सर्व्हर संथ असेल किंवा दुसऱ्या इमारतीत बारीक लाइनवर असेल, तर चालतं मशीनच अडखळतं. प्रॉक्समॉक्स व्हीई ८.२ पासून ‘फ्लीसिंग’ची, म्हणजे तो जुना भाग आधी जवळच्या डिस्कवर ठेवण्याची सोय आहे, ती जॉबच्या ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये चालू करा आणि जागा स्थानिक एसएसडीवर द्या.

जागा मोकळी करण्याचं गणित नवख्याला हमखास चकवतं. ‘प्रून’ जुन्या बॅकअपची फक्त नोंद काढतं. जागा ‘गार्बेज कलेक्शन’ सोडवतं, आणि तेही २४ तास ५ मिनिटांत हात न लागलेले तुकडेच उडवतं. डिस्क ९५ टक्के भरली म्हणून घाईने प्रून आणि लगोलग कलेक्शन चालवलं तरी आकडा फारसा हलत नाही, घाबरू नका, उद्या बघा. १०० टक्के भरली तर मात्र खरी पंचाईत, कारण कलेक्शन वापरातल्या तुकड्यांवर खुणा करतं, झेडएफएसला त्यासाठीही जागा लागते आणि कलेक्शन मध्येच मरतं. यासाठी आधीच ५० जीबीचं एक रिकामं डेटासेट (झेडएफएसमधला कप्पा) रिझर्व्ह करून ठेवा; अडलं की ते रिझर्व्हेशन काढायचं, कलेक्शन फिरवायचं, परत लावायचं. किती ठेवायचं? रोजचे १४, आठवड्याचे ८, महिन्याचे १२ हे विद्यापीठाला पुरतं; पुनर्मूल्यांकनाचे वाद महिन्यांनी उकरले जातात, म्हणून मासिक प्रतींवर कात्री चालवू नका.

‘व्हेरिफाय’ ही याची खरी जमेची बाजू. साठवलेला प्रत्येक तुकडा वाचून त्याचा चेकसम (त्यातल्या डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळतो का ते बघतं आणि बिघडलेला बॅकअप लाल दाखवतं. पण त्यासाठी डिस्क तासन्‌तास घरघरतात. सोलापुरात मे महिन्यात पारा ४२-४३ वर असतो आणि शनिवार-रविवारी सर्व्हर रूमचा एसी कुणीतरी ‘वीज वाचवायला’ बंद करून जातं. व्हेरिफाय मंगळवार-बुधवारच्या रात्री लावा.

रॅन्समवेअरचा (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामचा) विचार परवानग्यांत करायचा. प्रॉक्समॉक्स व्हीईला बॅकअप सर्व्हरवर ‘डेटास्टोअर बॅकअप’ एवढीच भूमिका द्या: लिहिता येईल, परत घेता येईल, पुसता येणार नाही. प्रून बॅकअप सर्व्हर स्वतः करेल. रूटचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड तिथे टाकून मोकळं होण्याचा मोह अनेकांना होतो, आणि मग मुख्य सर्व्हर ज्याच्या ताब्यात गेला त्याच्याच ताब्यात बॅकअपही जातात.

दुसरी प्रत गावाबाहेर हवी. बार्शी किंवा पंढरपूर, दोन्ही सत्तर किलोमीटरच्या आसपास, एखादं संलग्न कॉलेज कोपऱ्यात असाच दुसरा बॅकअप सर्व्हर ठेवू देईल. तिथल्या मशीनने सोलापुरातून ओढून घ्यायचं, सोलापूरने ढकलायचं नाही, म्हणजे इकडच्या मशीनवर तिकडचा पासवर्ड राहत नाही. ‘रिमूव्ह व्हॅनिश्ड’वर टिक नको, नाहीतर इथे पुसलेलं तिथेही पुसलं जाईल. १०० एमबीपीएसवर तासाला उत्तम परिस्थितीत ४५ जीबी जातात. २ टीबीची पहिली प्रत म्हणजे सलग दोन दिवस, तेही लाइन न तुटता. म्हणून पहिली प्रत इथेच, एकाच स्विचवर भरून घ्या आणि मग मशीन गाडीत घालून पोचवा. रोजचे ३० जीबी मग पाऊण तासात जातात.

डेटा परक्या इमारतीत जाणार म्हणून एन्क्रिप्शन लागतंच, आणि ते पाठवण्याआधीच होतं. बार्शीच्या माणसाला गुणपत्रिका वाचता येत नाही. पण किल्ली मुख्य सर्व्हरवरच असते. तो जळाला आणि किल्लीची प्रत नसेल तर दोन्हीकडचे बॅकअप ही नुसती माती. किल्ली कागदावर क्यूआर कोडसकट छापायची सोय आहे. छापा, दोन पाकिटं करा, एक कुलसचिवांच्या कपाटात, एक दुसऱ्या गावात.

डेटा परत मिळवण्यात हे सॉफ्टवेअर खरंच सुखाचं आहे. एक हरवलेली एक्सेल फाइल हवी असेल तर बॅकअप उघडून फोल्डरमधून तेवढीच उचलता येते. अख्खं मशीन ‘लाइव्ह रिस्टोअर’ने चालू होतं आणि उरलेला डेटा मागून येत राहतो. डेटाबेससाठी गेस्ट एजंट (व्हर्च्युअल मशीनच्या आत चालणारा मदतनीस प्रोग्राम) चालू ठेवाच, शिवाय रात्री वेगळा डंप (डेटाबेसची स्वतंत्र प्रत) काढा. फक्त निकालाचं एक टेबल परत हवं असतं तेव्हा अख्ख्या मशीनपेक्षा तोच कामी येतो.

महिन्यातून एकदा सराव करताना मात्र हात सांभाळा. परत आणलेल्या मशीनला नवा क्रमांक द्या. जुनाच राहू दिला तर मूळ मशीनवर मागच्या आठवड्याचा डेटा चढतो. ‘युनिक’वर टिक करा, म्हणजे नेटवर्क कार्डाचा पत्ता वेगळा मिळतो. ‘स्टार्ट आफ्टर रिस्टोअर’वर टिक नको, आधी नेटवर्क कार्ड डिस्कनेक्ट करा आणि मगच चालू करा, नाहीतर एकाच आयपीची दोन निकाल पोर्टलं भांडू लागतात. लॉगिन होतंय, शेवटची नोंद कुठल्या तारखेची, एवढं वहीत लिहून मशीन पुसून टाका. आणि ईमेल सूचना फक्त एररवर ठेवत असाल, तर सर्व्हरच मेल्यावर कुठलाच मेल येत नाही, हे ध्यानात घेऊन सोमवारी सकाळी एकदा वेब पान उघडून हिरव्या ओळी मोजा.