ई-बुक घ्यावं की छापील पुस्तक: मराठी वाचकाचा हिशेब

ई-रीडर म्हणजे ई-बुक वाचायचं यंत्र घ्यावं की तेवढ्याच पैशांची पुस्तकं आणावीत, असा प्रश्न पडलेल्यांसाठी निकाल आधीच सांगून टाकतो. महाराष्ट्रात राहत असाल, बहुतेक वाचन मराठीत असेल आणि बारीक टाइपाचा त्रास होत नसेल, तर छापील पुस्तकच घ्या. परदेशात असाल, चाळिशी लागलेली असेल किंवा निम्म्याहून जास्त वाचन इंग्रजीत होत असेल, तर ई-बुककडे वळायला हरकत नाही. असं का, ते पुढे.

बाजार कुठून कुठे गेला

ॲमेझॉनने किंडल हा आपला ई-रीडर आणला नोव्हेंबर २००७ मध्ये, ३९९ डॉलरला. पहिला साठा साडेपाच तासांत संपला. जुलै २०१० मध्ये कंपनीने सांगितलं की मागच्या तीन महिन्यांत पुठ्ठा बांधणीच्या दर १०० पुस्तकांमागे १४३ ई-बुकं विकली गेली. मे २०११ पर्यंत साध्या बांधणीची पुस्तकंही धरून प्रमाण १०० ला १०५ झालं. त्याच वर्षी बॉर्डर्स ही अमेरिकेतली पुस्तकदुकानांची मोठी साखळी दिवाळखोरीत निघून बंद पडली. छापील पुस्तकाचे दिवस भरले, असं आपल्याकडेही परिसंवादांतून ठासून सांगितलं जात होतं, ते याच आकड्यांच्या जोरावर. हे आकडे एकाच दुकानाचे आहेत आणि यंत्रही त्याच दुकानाचं आहे, ही गोष्ट मात्र सहसा कुणी बोलत नसे.

त्या काळात गाजणारं नवं पुस्तक ॲमेझॉन ई-बुकात ९.९९ डॉलरला द्यायचं. त्यातल्या बऱ्याच प्रती ते पदरमोड करून विकत होतं. पुठ्ठा बांधणीची प्रत पंचवीस-सव्वीस डॉलरची असताना वाचकाला दहा डॉलरचा भाव अंगवळणी पडला तर आपलं दुकान बसलं, ही प्रकाशकांची धास्ती. २०१० मध्ये आयपॅड आला तेव्हा पाच मोठ्या प्रकाशकांनी ॲपलशी असा करार केला की किंमत प्रकाशक ठरवेल, दुकानाला फक्त दलाली मिळेल. एप्रिल २०१२ मध्ये अमेरिकेच्या न्यायखात्याने या सहाही जणांवर संगनमताचा खटला भरला. प्रकाशकांनी तडजोड केली, ॲपल लढलं आणि २०१३ मध्ये हरलं. एवढं होऊनही प्रकाशकांना हवं होतं ते पुढे मिळालंच. २०१४ मध्ये त्या पाचांपैकी हॅशेट आणि ॲमेझॉन यांच्यात अनेक महिने भांडण चाललं आणि नोव्हेंबरमध्ये मिटलं, तेव्हा ई-बुकची किंमत ठरवण्याचा अधिकार हॅशेटकडे आला. बाकीचे मोठे प्रकाशकही त्याच वाटेने गेले.

मग भाव चढले. नवं ई-बुक तेरा-पंधरा डॉलरला, आणि छापील प्रतीवर ॲमेझॉन सवलत देत असल्याने कधीकधी तीच स्वस्त, असा उलटा प्रकार दिसू लागला. मोठ्या प्रकाशकांची ई-बुक विक्री घसरली. ब्रिटनमध्ये २०१६ साली सामान्य वाचकांची ई-बुक खरेदी १७ टक्क्यांनी कमी झाली. त्याच्या आदल्याच वर्षी वॉटरस्टोन्स या तिथल्या पुस्तकदुकानांच्या साखळीने आपल्या दुकानांत किंडल विकणं बंद केलं होतं. अमेरिकेत २०२१ साली छापील पुस्तकांच्या ८२ कोटींहून अधिक प्रती खपल्या. त्याला टाळेबंदीत घरी बसलेल्या लोकांचाही हातभार होता. तिथल्या प्रकाशकांच्या सर्वसाधारण पुस्तकांच्या उत्पन्नात ई-बुकचा वाटा आज दहा-बारा टक्क्यांच्या घरात रेंगाळतो आहे. डिजिटलमधली नवी वाढ जाते आहे ती ऐकायच्या पुस्तकांकडे.

लोक कागदाच्या वासासाठी परत फिरले, असं म्हणायला बरं वाटतं. मला ते फारसं पटत नाही. भावातला फरक आटला आणि खरेदी परत फिरली, एवढंच दिसतं. याला पुरावा म्हणजे जिथे भाव कमीच राहिले तिथे ई-बुक घट्ट पाय रोवून आहे. प्रेमकथा, गुन्हेकथा, स्वतःच्या खर्चाने प्रकाशित केलेल्या दोन-तीन डॉलरच्या कादंबऱ्या यांचा वाचक मोठ्या प्रमाणात यंत्रावर गेला तो गेलाच. त्यांची बरीचशी विक्री प्रकाशक संघटनांच्या आकडेवारीत येतच नाही, म्हणून ई-बुक दिसतं त्याहून थोडं मोठं आहे हेही लक्षात ठेवावं.

आपल्याकडचा भाव

हीच फूटपट्टी मराठीला लावून पाहू. किंडलवर मराठी पुस्तकं अधिकृतपणे आली डिसेंबर २०१६ मध्ये, हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळम यांच्याबरोबर. पुण्याचं बुकगंगा त्याआधीपासून आपल्या ॲपवर मराठी ई-बुकं विकत होतं. पर्याय आहेत, पण भावातला फरक बेताचा आहे. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. ज्याची छापील आवृत्ती आहे अशा ई-बुकवर २०१८ पासून ५ टक्के, आणि फक्त डिजिटल असेल तर १८ टक्के. शिवाय आपल्याकडे छापील किंमत सहसा कुणी पूर्ण मोजत नाही. प्रकाशनपूर्व सवलत असते, प्रदर्शनं असतात, पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकबाजारात नेहमीच्या गिऱ्हाइकाला न मागता सूट मिळते.

समजा, अडीचशे पानांची कादंबरी आहे, छापील किंमत ३५० रुपये. वीस टक्के सूट धरली तर २८०. ई-बुक समजा १९० ला मिळालं. वाचले ९० रुपये. किंडल पेपरव्हाइटचं सध्याचं मॉडेल एप्रिल २०२५ मध्ये भारतात आलं ते १६,९९९ रुपयांना. नव्वद-नव्वद करत ते वसूल व्हायला १८९ पुस्तकं विकत घ्यावी लागतील. महिन्याला दोन घेतलीत तर जवळजवळ आठ वर्षं. यंत्राची बॅटरी आणि पडदा तोवर कसे असतील, याचा अंदाज तुमच्या जुन्या मोबाइलवरून करा.

मोबाइलवरच वाचलं तर यंत्राचा खर्च शून्य, हे खरं. प्रवासात, डॉक्टरकडे नंबर लागेपर्यंत, मुलं झोपल्यावर दिवा न लावता वाचायला तो पुरतो. पण पाचशे पानांची कादंबरी मोबाइलवर तडीस नेणारे वाचक मला कमीच दिसतात. दर दोन पानांना कुणाचातरी मेसेज येतो.

पडद्यावरची मराठी

इंग्रजी ई-बुक घेताना अक्षरं नीट दिसतील का, हा प्रश्नच पडत नाही. मराठीत तो पहिला प्रश्न. नव्वदच्या दशकापासून आपली बहुतेक पुस्तकं पेजमेकर या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टांत जुळवली गेली. युनिकोड म्हणजे कुठल्याही यंत्रावर अक्षर सारखंच ओळखलं जावं यासाठीची सामायिक पद्धत. ती ई-बुकात आणायची तर मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलावा लागतो आणि तिथे घोळ होतो. रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, वेलांटी सुटी पडते, ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं. पानात असं एकदा झालं तर डोळा पुढे सरकतो, पण सहा वेळा झालं की वाचणाऱ्याचं मुद्रितशोधन सुरू होतं आणि कथा बाजूला राहते. त्यातून अनेक देवनागरी फॉन्टांमधले ल आणि श हिंदी वळणाचे. सवयीने चालतात, पण पुस्तक परकं वाटत राहतं.

रूपांतराचा खर्च आणि पुन्हा मुद्रितं तपासण्याची कटकट टाळायची म्हणून काही प्रकाशक सरळ पानांची पीडीएफच ई-बुक म्हणून देतात. यात चुका नसतात, पण डेमी, म्हणजे छापील पुस्तकाच्या नेहमीच्या आकाराचं पान जसंच्या तसं मोबाइलच्या पडद्यावर आखडून बसतं. अक्षर मोठं करावं तर ओळ पडद्याबाहेर जाते, मग प्रत्येक ओळीला पान डावीकडे-उजवीकडे सरकवत बसा. ज्येष्ठांना ई-बुक सुचवताना अक्षर मोठं करता येतं हा सगळ्यात मोठा फायदा सांगितला जातो. तो या पीडीएफमध्ये उरतच नाही. त्यांच्यासाठी घेणार असाल तर मजकूर पडद्याप्रमाणे वाहता आहे की पानाचं चित्र आहे, हे आधी विचारा. वाहता असेल आणि युनिकोड स्वच्छ असेल, तर मोतीबिंदूचं ऑपरेशन लांबलेल्या आजोबांना ई-बुकसारखी दुसरी सोय नाही. तिथे मी छापील पुस्तकाची बाजू अजिबात घेणार नाही.

विकत घेतलं म्हणजे आपलं झालं का

जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तकं, त्यातलं एक ‘१९८४’, ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर पुसून टाकली. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, पैसे परत दिले गेले आणि पुढे माफीही मागितली. तरी विकत घेतलेलं पुस्तक घरातून नाहीसं होऊ शकतं, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपलं ई-बुक दुकान बंद केलं तेव्हा विकलेली पुस्तकंही गेली, पैसे परत मिळाले. फेब्रुवारी २०२५ पासून किंडलची पुस्तकं संगणकावर उतरवून यूएसबीने हलवण्याची सोयही ॲमेझॉनने काढून टाकली. ई-बुक घेताना आपण वाचण्याचा परवाना घेतो. तो मुलाला वारसाहक्काने देता येत नाही, वाचनालयाला भेट देता येत नाही, रद्दीतही घालता येत नाही.

छापील प्रतीचं नष्टचर्य वेगळं. कोकणातल्या घरात पावसाळ्यात पानांना बुरशी धरते, वाळवी कपाटाच्या मागून येते, आणि मुंबईतल्या दोन खोल्यांत पुस्तकांसाठी जागा मागणं म्हणजे घरात भांडणाला निमंत्रण. ‘वाचून देतो’ म्हणणाऱ्या मित्राचा धोका वेगळाच. त्यामुळे एकदा वाचून पुन्हा हातात धरणार नाही, अशा पुस्तकाचं ई-बुक घ्यावं. कविता, चरित्रं, संदर्भाची पुस्तकं, पाककृती आणि मुलांची पुस्तकं मात्र कागदावरच बरी. पाककृतीच्या पुस्तकावर तेलाचे डाग पडले तरी ते चालतं, पिठाच्या हाताने मोबाइलचं कुलूप उघडत नाही.

मिळतं काय

मराठी पुस्तकाची आवृत्ती पूर्वी हजार-अकराशे प्रतींची असे. आता पाचशे, आणि मागणीनुसार छपाई असेल तर शंभरही. हवं ते पुस्तक ‘आउट ऑफ प्रिंट’ असणं नेहमीचंच. अशा पुस्तकांना ई-बुकने खरं तर जीवदान मिळायला हवं होतं. पण पीडीएफ व्हॉट्सॲप-टेलिग्रामवर फिरेल या भीतीने अनेक प्रकाशक ई-बुक काढतच नाहीत, आणि मग कुणीतरी छापील प्रतीचेच मोबाइलवर फोटो काढून तीच पीडीएफ फिरवतो.

जुन्या साहित्याची गोष्ट वेगळी आहे. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी लेखनहक्क संपतात, त्यामुळे हरी नारायण आपटे, गडकरी, साने गुरुजी यांचं लेखन मुक्त आहे आणि मराठी विकिस्रोत या मोफत ऑनलाइन ग्रंथसंग्रहावर त्यांतलं बरंच मिळतं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात. ई साहित्य प्रतिष्ठान नव्या लेखकांची पुस्तकं विनामूल्य देतं. या सगळ्यासाठी वेगळं यंत्र लागत नाही, घरातला टॅब पुरतो. पैसे न मोजता डिजिटल वाचनाची सवय आपल्याला लागते का, हे पाहायलाही हीच उत्तम जागा.

परदेशातल्या मराठी माणसाचं गणित तर पहिल्याच ओळीत सुटतं. न्यू जर्सीला तीनशे रुपयांचं पुस्तक पाठवायचा खर्च पुस्तकाहून जास्त, म्हणजे भारतभेटीत बॅगेतल्या लोणच्याशेजारी मावेल तेवढंच वाचायचं. तिथे ई-बुक घ्यावं, चुकलेल्या वेलांट्यांसकट. देशातल्या देशात टपाल आता पुन्हा परवडेल असं आहे. डिसेंबर २०२४ मध्ये टपालखात्याने स्वस्त रजिस्टर्ड बुकपोस्ट बंद केलं होतं, पण मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झालं. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. तालुक्याच्या गावी धड पुस्तकांचं दुकान नसलं, तरी चार पुस्तकं एकत्र मागवली की टपालाचा भार फारसा जाणवत नाही.

लेखकाच्या पदरात काय पडतं, हेही कुणाला निर्णयात धरायचं असेल. छापील पुस्तकावर मानधन साधारण दहा ते पंधरा टक्के, तेही हिशेब वेळेवर आला तर. स्वतः किंडलवर प्रकाशित केलं तर ३५ टक्के, आणि भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर ई-बुक दुसरीकडे कुठेही न विकण्याची अट. मोठी टक्केवारी छोट्या विक्रीवर मिळते, म्हणून आकडा पाहून हुरळून जाऊ नये.

तरीही ई-रीडर घ्यायचाच असेल, तर सतरा हजार खर्च करण्याआधी मोबाइलवर किंडल आणि बुकगंगाचं ॲप टाका. तुम्हाला खरोखर वाचायची आहेत अशी दहा मराठी पुस्तकं कागदावर लिहून काढा आणि त्यांतली किती ई-बुकात आहेत ते शोधा. मिळतील त्यांचे फुकट नमुने उतरवून अक्षर मोठं करून पाहा, ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ असे शब्द नीट उमटतात का बघा, आणि छापील प्रतीच्या सवलतीच्या भावाशी किंमत ताडून पाहा. दहापैकी सहा-सात या चाळणीतून पार पडली तर यंत्र घ्या. दोन-तीनच पडली, तर पुढच्या ग्रंथप्रदर्शनाची तारीख बघून ठेवा.