लोकल, अभंग आणि अडीच हजारांच्या आतला इअरफोन: पावसाळाभर वापरून

थेट सांगते. जुनी शास्त्रीय ध्वनिमुद्रणं, नाट्यगीतं, अभंग असं तुमचं रोजचं ऐकणं असेल आणि ते बरंचसं लोकलमध्येच होत असेल, तर सेव्हन हर्ट्झ कंपनीचा ‘झिरो टू’ घ्या. सिंगापूरचे इअरफोन-समीक्षक क्रिनॅकल यांच्या सहकार्याने २०२३ मध्ये आलेला हा वायरवाला इअरफोन मी पावसाळ्याच्या आधीपासून भांडुप ते सीएसएमटी रोज वापरतेय. मला अडीच हजारांच्या आत मिळाला. आत १० मिलिमीटरचा एकच डायनॅमिक ड्रायव्हर (आवाज काढणारा छोटा स्पीकर), वायर दोन पिनांची, काढता येणारी. नुसती माहिती वाचून यात काही खास वाटणार नाही, या किमतीत अशी बरीच मॉडेल्स आहेत. वेगळेपण आवाजाच्या जुळवणीत आहे, म्हणजे खालचे आणि वरचे आवाज किती पुढे-मागे ठेवलेत त्यात.

याआधी माझ्याकडे साधारण याच किमतीचा एक नावाजलेला इअरफोन होता. रात्री घरी, पंखा बंद करून ऐकला की सुरेख वाजायचा. तानपुऱ्याची जवारी (तारांचं गुंजन) सुटी सुटी कळायची, बासरीची फुंकसुद्धा. पण अभंग लावला की टाळ कानात टोचायचे. टाळांचा झणत्कार बराचसा वरच्या कंप्रतांमध्ये (फ्रिक्वेन्सींमध्ये) असतो आणि त्या इअरफोनने नेमका तोच भाग पुढे आणलेला. त्यामुळे पंडित भीमसेन जोशींचा आवाज मागे आणि टाळकरी पुढ्यात बसल्यासारखा. मुद्रण जुनं असेल तर टेपची सळसळही त्यासोबत वर यायची. आजच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेली गाणी त्यावर उत्तम वाजत, हेही खरं. म्हणून कुणी ‘चांगला इअरफोन कोणता’ असं विचारलं की मी आधी विचारते, तुम्ही काय ऐकता आणि कुठे बसून?

‘कुठे’ हा प्रश्न मुंबईत फार महत्त्वाचा आहे. गाडीच्या चाकांची घरघर खालच्या कंप्रतांमध्ये असते. सिलिकॉनची टिप बाहेरचा वरचा आवाज बऱ्यापैकी अडवते, पण खालची घरघर बरीचशी आत येतेच. ती गाण्यातला खर्ज गिळते. कुर्ला सोडून गाडीने वेग घेतला की तबल्याची चाट ऐकू येते, डग्ग्याचा घुमारा मात्र गायब. मग आपण आवाज वाढवतो. त्यासोबत टाळ, झांजा, ‘स’ आणि ‘श’ हेही वाढतात आणि मस्जिद येईपर्यंत कान शिणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ऐकणं सुरक्षित धरलं जातं, ९० डेसिबलला फक्त ४ तास. रोजच्या दोन वेळच्या प्रवासात हे ४ तास बुधवारपर्यंतच संपतात. त्यामुळे कमी आवाजातही भरीव वाजणारा इअरफोन मिळणं मला चैनीची गोष्ट वाटत नाही.

झिरो टूमध्ये खालची बाजू थोडी उचललेली आहे आणि वरची आवरलेली. गाडीत याचा फायदा लगेच कळतो. विलंबित एकतालात डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेली मींड घाटकोपर-विक्रोळीच्या मधेही ऐकू येते. किशोरीताई आमोणकरांचा स्वर तार षड्जावर ठरतो तेव्हा डोळे मिटून ऐकता येतं, दचकायला होत नाही. नाट्यगीतातला ऑर्गन गायकाच्या खाली नीट पसरलेला राहतो. घरच्या शांततेत मात्र हाच खर्ज मला किंचित जड वाटतो, म्हणून तिथे फोनच्या इक्वलायझरमध्ये (खालचा-वरचा आवाज वेगवेगळा कमी-जास्त करायची सोय) १०० हर्ट्झच्या खाली २ डेसिबल कमी करते. तानपुऱ्याची जवारी आधीच्या इअरफोनइतकी सुटी ऐकू येत नाही, हेही नोंदवते. ती हवी असेल तर टाळही सोसावे लागतात.

आवडीतला हा फरक काल्पनिक नाही. हार्मन या ध्वनिउपकरणांच्या कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि सहकाऱ्यांनी हेडफोनवर केलेल्या श्रवणचाचण्यांत सुमारे ६४ टक्के लोकांना त्यांनी ठरवलेली जुळवणी आवडली, १५ टक्क्यांना आणखी बेस (खालचा आवाज) हवा होता आणि २१ टक्क्यांना कमी. म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा श्रोत्यांची पसंती वेगळी निघाली.

आपण कोणत्या गटात हे पैसे घालवण्याआधी कळतं. हातात जो इअरफोन आहे तो घ्या, इक्वलायझर उघडा (अँड्रॉइडवर वेव्हलेट नावाचं अॅप चांगलं आहे) आणि पाठ असलेलं एकच गाणं लावा. ८ किलोहर्ट्झच्या आसपास ३ डेसिबल कमी करून बरं वाटलं, तर ‘ब्राइट’, म्हणजे वरचा आवाज पुढे आणणारं, म्हणून नावाजलेल्या मॉडेलच्या वाटेला जाऊ नका. १०० हर्ट्झच्या खाली वाढवून बरं वाटलं, तर ‘वॉर्म’, म्हणजे खालचा आवाज भरीव असलेलं मॉडेल शोधा. ही परीक्षा एकदा घरी आणि एकदा गाडीत करा, उत्तरं वेगळी येऊ शकतात.

मात्र टिप कानात नीट बसली नसेल तर यातलं काहीच खरं नाही, कारण फट राहिली की सगळ्यात आधी बेस जातो. माझ्या उजव्या कानाला मध्यम टिप लागते, डाव्याला मोठी. तपासायची रीत सोपी: तोंड मिटून ‘हं’ म्हणा. आवाज दोन्हीकडे सारखा डोक्यात घुमला तर टिप बसली. वायर कानावरून मागे घ्या, ती कपड्याला घासल्याची खरखर बरीच कमी होते.

पावसाळ्यात घाम आणि मळ नळीच्या तोंडावरच्या जाळीत बसतो आणि एक बाजू हळू वाजायला लागते. टिप काढायची, जाळीचं तोंड खाली धरायचं आणि कोरड्या मऊ ब्रशने हलकेच झाडायचं. टाचणी लावायची नाही, पाणीही नाही. डबीत सिलिका जेलची पुडी ठेवते.

फोनला गोल जॅक नसेल तर टाइप-सी डोंगल (जोडणीचा छोटा अडॅप्टर) लागेल. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर ढिगाने मिळतात, पण आत डॅक चिप (डिजिटल सिग्नलचा आवाज करणारी) असलेलाच मागा. साधे डोंगल काही फोनवर वाजतच नाहीत. इअरफोनचा विद्युतरोध (इम्पीडन्स) ३२ ओहम आहे, म्हणून वेगळा अॅम्प्लिफायर लागत नाही.

दिवसभर ऑफिसचे फोन घेणाऱ्यांनी किंवा चाकांची घरघर पूर्ण बंद हवी असलेल्यांनी हा घेऊ नये. त्यांना नॉइज कॅन्सलिंगवालाच लागेल, त्यासाठी बजेट वाढवा. आणि प्लॅटफॉर्मवर उतरताना एक कान मोकळा ठेवा.