पेंटॅक्स के१००० : मधोमध थांबणारा काटा

पेंटॅक्स के१००० या कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावून पाहायच्या खिडकीत, उजव्या कडेला एक बारीक काटा आहे. उजेड वाढला की तो वर सरकतो, कमी झाला की खाली उतरतो आणि ॲपर्चर (लेन्समधले लहानमोठे होणारे छिद्र) व शटरचा वेग यांचा मेळ बसला की मधल्या खाचेत येऊन थांबतो. छायाचित्र काढणाऱ्याला या कॅमेऱ्याकडून मिळणारी मदत एवढीच. बाकी सगळे, म्हणजे फोकस कुठे करायचा, उजेड किती घ्यायचा, हालचाल गोठवायची की वाहू द्यायची, आपणच ठरवायचे असते. मी हा कॅमेरा गेली अकरा वर्षे वापरतो आहे आणि त्याच्याविषयीची माझी माया या काट्यापासूनच सुरू होते.

पेंटॅक्स बनवणाऱ्या ‘असाही ऑप्टिकल’ या जपानी कंपनीने १९७६ साली हा कॅमेरा बाजारात आणला. त्याच्या आधीच्या वर्षी आलेल्या केएम या मॉडेलमधून सेल्फ-टायमर आणि डेप्थ ऑफ फील्ड (चित्रात किती खोलीपर्यंतचे स्पष्ट येईल ते) आधी पाहून घेण्याची सोय काढून टाकली, की जे उरते तो के१०००. काटकसरीसाठी घडवलेला हा कॅमेरा १९९७ पर्यंत तयार होत राहिला, तीस लाखांहून अधिक नग विकले गेले आणि छायाचित्रण शिकणाऱ्यांच्या कित्येक पिढ्यांच्या हातात पहिला कॅमेरा म्हणून तोच पडला. स्वयंचलित फोकस, स्वयंचलित एक्स्पोजर, मोटरवर पुढे सरकणारा रोल असे सगळे याच काळात येऊन रुळले, तरी याच्या रचनेत फारसा बदल करावा लागला नाही. सुरुवातीचे नग जपानमध्ये तयार झालेले आहेत. पुढे हाँगकाँग आणि चीनमध्ये तयार झालेल्या नगांत धातूच्या काही भागांची जागा प्लॅस्टिकने घेतली. निवडीला वाव असेल तर जुना, धातूचा नग घ्यावा असे माझे मत आहे.

शटर पूर्णपणे यांत्रिक आहे. एका सेकंदापासून एक हजारांश सेकंदापर्यंतचे वेग आणि हवा तेवढा वेळ शटर उघडे ठेवण्यासाठी ‘बी’, एवढेच त्याच्या चकतीवर कोरलेले आहे. आतला एलआर४४ जातीचा बटणाएवढा सेल केवळ लाइट मीटरसाठी असतो. तो संपला तर काटा हलायचा थांबतो, पण कॅमेरा थांबत नाही. अशा वेळी जुना ठोकताळा कामी येतो : भर उन्हात ॲपर्चर एफ/१६ ठेवावे (एफचा आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान) आणि शटरचा वेग फिल्मच्या आयएसओच्या, म्हणजे उजेडाला ती किती संवेदनशील आहे त्याच्या, आकड्याजवळचा घ्यावा. आयएसओ ४०० ची फिल्म असेल तर एक पाचशांश सेकंद. ढगाळ झाले की ॲपर्चर एफ/८, दाट सावलीत एफ/५.६ किंवा एफ/४. काही महिने असे सावलीच्या गडदपणावरून आकडे लावत गेलो, तेव्हा माझ्या लक्षात आले की आता मी उजेड बघतो. पूर्वी फक्त वस्तू बघत होतो.

रोल भरण्याची क्रिया मला या कॅमेऱ्यातली सर्वांत सुखाची वाटते. डावीकडची रिवाइंडची मूठ वर ओढली की मागचे दार उघडते. रोलची डबी खाचेत बसवायची, मखमली ओठांतून बाहेर आलेली फिल्मची निमुळती जीभ उजवीकडच्या फिरकीच्या फटीत अडकवायची, दोन्ही बाजूंची छिद्रे दात्यांवर नीट बसली आहेत ना हे पाहायचे आणि मगच दार लावायचे. यानंतरची एक पायरी मी पहिल्या वर्षी वगळत असे आणि तिची किंमत मी मोजली आहे. दार लावल्यावर रिवाइंडचा हँडल अलगद उलटा फिरवून फिल्म ताठ करायची आणि लिव्हर ओढताना तो हँडल आपोआप फिरतो का ते पाहायचे. फिरत नसेल तर फिल्म पुढे सरकत नाही, असा त्याचा अर्थ. मोजणीचा आकडा मात्र तरीही वाढत राहतो. जवळच्या नात्यातल्या एका लग्नात मी छत्तीस चित्रे अशीच काढली. घरी आल्यावर रोल गुंडाळायला घेतला, तर हँडलला जोरच लागला नाही. फिल्म डबीतून बाहेर आलेलीच नव्हती. त्या दिवशी आजी ज्या खिडकीपाशी बसली होती, तिथला उजेड मला अजून आठवतो. चित्र मात्र नाही.

मीटरविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण नव्याने वापरणाऱ्यांचे बहुतेक रोल इथेच बिघडतात. हा मीटर लेन्समधून येणाऱ्या उजेडाची साधारणपणे संपूर्ण चौकटीवरची सरासरी काढतो आणि ती सरासरी मध्यम करड्या रंगाइतकी असावी असे गृहीत धरतो. त्यामुळे पांढऱ्याशुभ्र भिंतीसमोर उभा असलेला माणूस काटा मधोमध ठेवून टिपला, तर भिंत करडी आणि चेहरा काळवंडलेला येतो. पाठीमागून ऊन येत असेल तरी तेच. अशा वेळी माणसाजवळ जाऊन फक्त चेहऱ्याने चौकट भरावी, काटा जुळवावा, मागे यावे आणि तेच आकडे कायम ठेवून चित्र घ्यावे. किंवा सरळ दीड-दोन स्टॉप उजेड वाढवावा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). निगेटिव्ह फिल्म जादा उजेड बराच पचवते, कमी उजेड मात्र तिला सोसत नाही; सावलीत जे नोंदलेच गेले नाही, ते नंतर कोणत्याही उपायाने आणता येत नाही. जिच्यावर थेट सुलटे, रंगीत चित्र उमटते त्या स्लाइड फिल्मचे याच्या नेमके उलट आहे, म्हणून या मीटरच्या भरवशावर स्लाइड वापरताना मी फार जपून असतो.

डिजिटल कॅमेऱ्याने मी कामासाठी रोज चित्रे काढतो आणि त्याच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही. पण तिथे चित्र घेतल्याबरोबर डोळे पडद्याकडे जातात आणि समोर बसलेल्या माणसाशी जुळलेले सूत त्या क्षणी तुटते. के१०००च्या पाठीवर पाहण्यासारखे काही नाही. काळ्या आवरणाचे दार तेवढे आहे. त्यामुळे शटरचा तो ठसठशीत आवाज झाल्यावरही नजर समोरच राहते, अंगठा आपोआप लिव्हर ओढतो आणि पुष्कळदा खरे चित्र त्या दुसऱ्या क्षणी मिळते, जेव्हा समोरच्याला वाटलेले असते की फोटो काढून झाला.

कृष्णधवल रोल मी घरीच धुतो. १९५४ पासून ३५ मिलिमीटरमध्ये मिळणारी कोडॅकची ट्राय-एक्स मला सर्वांत सवयीची आहे. डी-७६ हे डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारे रसायन, समप्रमाणात पाणी घालून २० अंश सेल्सियसला वापरले, तर तिला पावणेदहा मिनिटे लागतात. दर अर्ध्या मिनिटाला टाकी काही सेकंद उलटीसुलटी करायची, मग डेव्हलपरचे काम थांबवणारा स्टॉप बाथ, मग फिक्सर. उजेड लागलेल्या कणांची धातुरूप चांदी झालेली असते आणि न लागलेले कण फिक्सर धुऊन नेतो. टाकीचे झाकण काढून ओली पट्टी रिळावरून उलगडताना जो क्षण येतो, त्याची मला अजूनही सवय झालेली नाही. दिव्यासमोर धरलेल्या त्या पट्टीवर आकाश काळे असते, केस पांढरे असतात आणि तरीही माणूस ताबडतोब ओळखू येतो. टोकांवरून पाण्याचे थेंब ओघळत असतात, हात लावायचा नसतो आणि तरी नजर एकेका चौकटीवरून पुढे सरकत राहते. महिन्यापूर्वी ठरवलेला ॲपर्चरचा आकडा बरोबर होता की नाही, ते तिथे कळते.

आता उणिवा. मीटर बंद करायला बटण नाही. लेन्सवर टोपी घालणे हाच त्याचा स्विच आहे आणि टोपी विसरली तर सेल वाया जातो. गडद पार्श्वभूमीवर काटा नीट दिसत नाही. शटरचा वेग व्ह्यूफाइंडरमध्ये दिसत नाही, त्यासाठी कॅमेरा डोळ्यापासून दूर करावा लागतो, आणि ही उणीव मला सर्वांत जास्त खटकते. फ्लॅशसाठी साठांश सेकंदापेक्षा जलद वेग चालत नाही. ज्यांना याहून अधिक हवे असेल, त्यांनी १९८२ मध्ये आलेला निकॉन एफएम२ पाहावा. तोही यांत्रिकच आहे, पण त्याचे शटर १/४००० सेकंदापर्यंत जाते. पेंटॅक्स हे नाव आता ज्यांच्याकडे आहे त्या रिको कंपनीने २०२४ मध्ये पेंटॅक्स १७ हा नवा फिल्म कॅमेरा आणला, ही मला मनापासून आनंदाची गोष्ट वाटली. एका छत्तीसच्या रोलमध्ये तो अर्ध्या चौकटीची बहात्तर चित्रे देतो, पण त्याचे एक्स्पोजर स्वयंचलित आहे, त्यामुळे त्याची गोडी वेगळ्या जातीची आहे.

के१००० आता जुना म्हणूनच मिळतो, तेव्हा घेताना घाई करू नये. मागचे दार उघडून एका सेकंदाचा वेग लावावा आणि शटर मध्येच अडकते का ते पाहावे. दाराच्या खाचांतला फोम बोटाला चिकट लागला, तर तो बदलावा लागणार हे गृहीत धरावे, नाहीतर उजेड आत शिरून चित्रांवर पट्टे उमटतात. लेन्समधून टॉर्चचा उजेड पाडून बुरशीचे जाळे आहे का ते तपासावे. सोबत बहुधा ५० मिलिमीटर, एफ/२ ची लेन्स मिळते आणि तीच पुढची काही वर्षे पुरते. दुसरी हवीच असेल, तर के माउंटची (पेंटॅक्सच्या या कॅमेऱ्याला बसणाऱ्या जोडणीची) आणि ॲपर्चरची कडी असलेली घ्यावी.

पहिला रोल आयएसओ ४०० चा, कृष्णधवल घालावा आणि खिशात एक लहान वही ठेवावी. प्रत्येक चौकटीचा क्रमांक, ॲपर्चर, शटरचा वेग आणि उजेड कोणत्या बाजूने होता हे तिच्यात लिहावे आणि निगेटिव्ह वाळल्यावर ती वही शेजारी उघडी ठेवून एकेक चौकट भिंगाखाली पाहावी.