आल्टो ८०० : पेठांत मजा, घाटात कस

पुण्यात रोज चालवायला इतकी सोयीची गाडी कमीच. टर्निंग रेडियस ४.६ मीटर, त्यामुळे सदाशिव पेठेतल्या बोळांत आरामात वळते आणि लक्ष्मी रोडजवळ जेमतेम जागेतही पार्क होते.

खरा कस सिंहगडाच्या घाटात. ७९६ सीसी, ४८ पीएसचं इंजिन. ६९ न्यूटन मीटर टॉर्क (ओढायची ताकद) मिळतो तोही ३५०० आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला ३५०० फेरे फिरतं तेव्हा. चार माणसं बसली की तिसऱ्या गिअरमध्ये गाडी गुदमरते. म्हणून वळणाआधीच दुसरा टाका. वेग तुटला की थेट पहिल्यावर यावं लागतं. एसी बंद ठेवा, कॉम्प्रेसर इंजिनाचीच ताकद खातो. चढावर थांबलात तर क्लच अर्धा दाबून गाडी धरू नका, क्लच प्लेट जळून करपट वास येतो. हँडब्रेक ओढा, क्लच हळूहळू सोडा, बॉनेट किंचित उचललं की हँडब्रेक खाली. उतरतानाही दुसराच, नाहीतर ब्रेक तापतात.

उत्पादन २०२३ मध्ये थांबलं, म्हणजे आता सेकंडहँडच. ट्रायल चढावरच घ्या: इंजिनाचा आवाज चढतोय पण वेग वाढत नाही, तर क्लच प्लेट संपलेली आहे. तो खर्च किमतीतून कापून घ्या.